बिनवजनाचे दीड सेकंद

१६ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी रक्तदाब रोज लिहून ठेवायला सांगितलंय. नुसत्या आकड्यासाठी वही कशाला, मी कॅलेंडरवर लिहितो म्हटलं, तर आमच्या हिने कपाटातून एक जाडजूड कोरी डायरी काढून हातात ठेवली. आकडा पहिल्या ओळीत लिहिला. चांगला नाही. उरलेलं पान मोकळं सोडवत नाही, म्हणून हे.

मे महिन्यात मी निवृत्त होणार. जामखेड तालुक्यातल्या या एकाच शाळेत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. आता शेवटचं वर्ष शांततेत काढायचं, कुठल्याही समितीत नाव येऊ द्यायचं नाही, असं जूनमध्येच ठरवलं होतं. आज प्राचार्य खाडे यांनी बोलावून घेतलं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत आणि उत्साह त्यांना डास चावल्यासारखा अंगभर सुटतो. म्हणाले, "ढवळे सर, चेन्नईच्या एका संस्थेची स्पर्धा आहे. अकरावीच्या मुलांनी सूक्ष्म गुरुत्वाचा प्रयोग सुचवायचा. निवडलेले प्रयोग ते त्यांच्या मनोऱ्यातून खाली सोडणार. मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव टाकलंय."

"विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

हे मात्र खरं आहे.

२४ सप्टेंबर

अकरावीच्या वर्गात स्पर्धेची माहिती वाचून दाखवली. प्राचार्यांना अहवाल द्यायचा म्हणून थोडं समजावूनही सांगितलं. उंचावरून पेटी सोडली की पेटी पडते, पेटीतलं पाणीही पडतं, दोघं एकाच वेगाने. मग कोण कोणावर भार टाकणार? खाली आदळेपर्यंत आतल्या कशालाच वजन जाणवत नाही. त्या मनोऱ्यात हे अडीच सेकंद चालतं. अंतराळयानात महिनोन्‌महिने.

वर्ग जांभया देत होता. खिडकीजवळच्या बाकावरून धनश्री उठली. ही मुलगी सहसा बोलत नाही.

"सर, मग तिथं ठिबक चालंल का?"

सगळे हसले. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. "म्हंजी झाड लावलं आन् पानी सोडलं, तर ते मुरंल कुठं? खाली म्हंजी काय, तेच न्हाई ना तिथं."

मी म्हटलं, अभ्यासक्रमात नाही.

"पर दिव्याच्या वातीत तेल वर चढतंच की सर. तसं पानी मातीत चारी अंगाला चढंल का?"

तास संपला. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत गेलो आणि मागच्या कपाटात लांब काचेच्या नळ्या आहेत का ते पाहिलं. सहज. वेगवेगळ्या जाडीच्या तीन चांगल्या निघाल्या. धुऊन ठेवल्या, कारण धूळ फार होती.

९ ऑक्टोबर

स्पर्धेला दोघांचा गट लागतो. धनश्रीबरोबर ओमचं नाव दिलं. ओमच्या वडिलांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे मंद गतीत चित्रण करणारा फोन फुकट मिळेल, एवढाच माझा विचार. ओम बोलायला लागला की थांबत नाही आणि धनश्री बोलत नाही. सरासरी ठीक येते.

प्रयोग असा ठरला. पारदर्शक डब्यात निळीचं पाणी, त्यात तीन नळ्या उभ्या: बारीक, मध्यम, रुंद. समोर फोन. डबा उंचावरून सोडायचा आणि पाणी नळ्यांत किती चढतं ते पाहायचं. गावात उंच एकच गोष्ट, ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी. वरून खाली यायला साधारण दीड सेकंद लागेल. खाली सोयाबीनच्या भुसकटाची पोती रचायची.

सरपंचांकडे परवानगीला मुलांना पाठवणार होतो, पण ओम काहीतरी भलतंच सांगून येईल म्हणून स्वतः गेलो. सरपंच म्हणाले, "गुरुजी, टाकीवरनं डबं टाकायचं ह्या वयात?" मी म्हटलं, विज्ञान आहे. ते म्हणाले, "मग टाका," आणि टाकीची किल्ली दिली.

१२ ऑक्टोबर, रविवार

टाकीवर चढलो. मुलांना एकटं कसं सोडणार? लोखंडी जिन्याला कठडा आहे, तरी मधे एकदा खाली पाहिलं आणि उगाच पाहिलं. धनश्री माझ्यापुढे शेळीसारखी चढून गेली.

डबा सुतळीने कठड्याबाहेर टांगला. हाताने सोडला तर तो गिरक्या घेतो, म्हणून सुतळी तोडायची. मी कात्री आणली होती. धनश्रीने पिशवीतून आईचा जुना कोयता काढला. म्हणाली, "सर, कात्रीनं दोनदा कापावं लागंल." एका झटक्यात सुतळी तुटली, डबा जागचा हललासुद्धा नाही, सरळ खाली.

सरळ खाली, पण पोत्यांच्या शेजारी. डब्याचे चार तुकडे. निळं पाणी एका बोकडावर उडालं. त्याचा मालक अजून शाळेत येऊन गेलेला नाही, उद्या येईल. फोन वाचला. ओम म्हणाला, "सर, पप्पांना सांगू नका," आणि अर्ध्या तासात स्वतःच त्यांना फोन करून सगळं रंगवून सांगितलं.

रक्तदाब संध्याकाळी बरा होता. मशीन बिघडलं असावं.

२८ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीतही दोघं रोज घरी येतात. हिने चिवड्याचा डबा वरच्या फळीवर ठेवायचंच सोडलं.

आज आणखी चार वेळा डबा सोडला. पोत्यांवर नीट पडतोय, पण चित्रणात दिसतं ते विचित्र. पाणी नळ्यांत चढतं आणि मधेच अडखळतं. रुंद नळीतलं तर खाली बसतं. मी म्हटलं, हवेचा विरोध. डबा जसा वेग घेतो तशी हवा त्याला खालून रेटते, आणि तेवढं वजन आत परत येतं. आपल्याकडे निर्वात मनोरा नाही, तेव्हा हे इथंच संपलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

ओम भुसकटात लोळत होता. तसाच म्हणाला, "सर, हवेचा मार बाहेरच्या डब्याला खाऊ द्या ना. आपला डबा त्याच्या आत टांगू. तो आत मोकळाच पडंल."

मी म्हटलं, केसांत भुसकट गेलंय, झटक. घरी येताना मात्र डोक्यात तेच. बाहेर मोठं पिंप, बुडाला दगड बांधून जड केलेलं. आत आपला डबा, दोऱ्याने वरच्या बाजूला टांगलेला. दोघं एकदम सुटले की आतल्याला वारा लागणारच नाही. पोराने बसल्या जागी काय सांगितलं हे त्याला ठाऊकही नाही.

धनश्रीचे आईवडील आज ऊसतोडीला गेले, राहात्याकडच्या कारखान्यावर. ट्रक चौकातून सुटला तेव्हा ती टाकीच्या जिन्यात होती. तिने वरूनच हात केला. इथे ती आजीजवळ राहते. मी विचारलं, करमेल ना? "व्हय सर, सवय हाय," म्हणाली. मग ठीक आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

जमलं! एका दिवसात पाच वेळा जमलं. निळं पाणी तिन्ही नळ्यांत सरसर वर. मी कठड्याला धरून ओरडलो असं ओम म्हणतो. मला तसं आठवत नाही.

फक्त एक घोटाळा आहे. रुंद नळीतलं पाणी बारीक नळीतल्या पाण्याच्या पुढे जातंय. हे चूक आहे. नळी जितकी बारीक, पाणी तितकं वर, हे मी जन्मभर शिकवलं. पिंप तिरकं होत असणार.

१४ नोव्हेंबर

अहवाल पाठवायची उद्या शेवटची तारीख, आणि आज भांडण. भांडण म्हणजे मी बोलत होतो आणि धनश्री उभी होती.

मी म्हटलं, रुंद नळीचे आकडे गाळ. दोन नळ्यांचंच लिही. परीक्षक बघतील आणि म्हणतील, या खेड्यातल्या मास्तरला केशाकर्षण माहीत नाही.

"सर, पाची वेळंला तसंच आलंय."

"पाची वेळेला पिंप तिरकं झालं असेल."

"मग ते एकाच बाजूला तिरकं झालं असतं. पिंप कलतंय कवा ह्या अंगाला, कवा त्या. पानी दर टायमाला रुंद नळीतच पुढं."

"पुस्तकात काय दिलंय?"

"सर, ते पुस्तक जमिनीवर लिहिलंय."

मी म्हटलं, ठेवा मग, हसं झालं तर मला सांगायला येऊ नका. सही केली. सही जरा जोरात झाली, कागद फाटला, पुन्हा छापावा लागला.

हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाच वेळा तसंच आलं म्हणता ना?" घरातही कुणी आपल्या बाजूचं नाही.

२९ डिसेंबर

निवड झाली. पूर्ण महाराष्ट्रातून दोनच गट, त्यात आमचा एक. प्राचार्य व्हरांड्यात पळत आले. पत्रात लिहिलंय की रुंद नळीचं निरीक्षण लक्षवेधी आहे, मनोऱ्यात तेच मुख्यत्वे तपासायचं आहे. तीस जानेवारीला.

मुख्यत्वे तेच!

खुर्चीत बसून कागद पुढे ओढला आणि पहिल्यापासून मांडलं. जमिनीवर रुंद नळीतलं पाणी स्वतःच्याच वजनाने अडतं. वजन काढून घेतलं की अडवायला राहतं ते फक्त काचेशी होणारं घासणं, आणि ते बारीक नळीतच जास्त. म्हणजे रुंद नळी पुढे जायलाच हवी. कागदावर तीन ओळींत येतंय. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण टाकीवरून मी कधी काही खाली टाकलं नव्हतं. एकट्याने हसत बसलो होतो. शिपाई दोनदा डोकावून गेला.

धनश्रीला सांगायला वर्गात गेलो तर ती नाही. आठवडाभर आलीच नाही म्हणाले. ताप असेल.

३० डिसेंबर

ताप नाही. तिच्या आजीकडे, रंगुबाईंकडे, जाऊन आलो. धनश्रीचा बाप कानिफनाथ ट्रकात ऊस भरताना फळीवरून घसरला, घोट्याचं हाड मोडलं. तोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. म्हणून पोरगी आईच्या जोडीला गेली.

"न्यायला कुणी आलं होतं का?" मी विचारलं.

"न्हाई, तिची तीच गेली. सकाळच्या गाडीनं. म्हनली, सरास्नी सांगू नगंस."

मला का सांगायचं नाही? मी काय रागावलो असतो?

थोडा रागावलो असतो.

४ जानेवारी, रविवार

हे आज सविस्तर लिहितो.

पहाटेची एसटी धरून नगर, तिथून राहाता. ओम बरोबर होता. त्याला नको म्हटलं होतं, पण तो स्टँडवर माझ्याआधी हजर. उसाच्या फडापर्यंत एका ट्रॅक्टरवाल्याने सोडलं.

धनश्री मोळ्या बांधत होती. डोक्याला फडकं, हातभर उसाच्या पानांचे ओरखडे. आम्हाला पाहून तिने आधी हातातली मोळी बांधून पुरी केली, मग उभी राहिली.

"सर, तुमी कशाला आलात?"

ओमने एका श्वासात सगळं सांगितलं. निवड, मनोरा, चेन्नई, रेल्वे, रुंद नळी. रुंद नळीचं ऐकताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि लगेच विझलं. "ओमला न्या सर. त्याला समदं येतंय."

"मला काही येत न्हाई," ओम म्हणाला. त्याने असं कबूल केलेलं मी प्रथमच ऐकलं.

तिची आई बायडाबाई कोयता खाली ठेवून आली. पदराने हात पुसत म्हणाली, "बसा सर. च्या करते." मी म्हटलं, चहा नको, तुमच्याशी बोलायचंय. त्या म्हणाल्या, "च्या पिऊन बोलू की."

त्यांच्या कोपीपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढे, बसलो. कानिफनाथ पायाला प्लास्टर घालून गोणपाटावर. मी येताना एसटीत चांगलं भाषण तयार केलं होतं. शिक्षण, भवितव्य, मुलींची प्रगती. पहिल्या वाक्यालाच लक्षात आलं की समोरची माणसं दिवसभर राबून दमलेली आहेत, आणि मी व्याख्यान देतोय. थांबलो.

बायडाबाईच म्हणाल्या, "ही पोरगी टाकीवरनं काय टाकती, ते तरी दावा. फोनवर सांगती, पर मला काय कळत न्हाई."

ओमने पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली, बुडाशी खिळ्याने भोक पाडलं. पाण्याची धार लागली. उसाने भरलेली ट्रॉली जवळच उभी होती. धनश्री वर चढली. बाटली हातात धरून, धार दाखवत, तिने ती सोडली. पडताना धार गप्प! खाली धप्पकन पडल्यावर परत चालू.

"परत," एक बाई म्हणाली. परत सोडली. फडातल्या बाया, पोरं, ट्रॅक्टरवाला, सगळे जमले. मग बायडाबाई म्हणाल्या, "थांब, मी टाकते," आणि कासोटा सावरून ट्रॉलीवर चढल्या. त्यांनी बाटली सोडली, धार थांबली, आणि त्या वरूनच ओरडल्या, "आगं बया! खरंच की!" त्यानंतर प्रत्येकीला टाकायची होती. बाटली फुटेस्तोवर हेच चाललं.

खाली आल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हंजी सर, पडताना वजन न्हाई. तिकडं वर यानात तर कायमचंच न्हाई. मग उसाची मोळी डोक्यावर घेतली तर मानंला भार न्हाई?"

"अजिबात नाही."

"मग हा कारखाना तिकडंच काढा ना!"

हसण्याचा एकच गलका झाला. त्या थोडं थांबून म्हणाल्या, "पर ट्रकात टाकायची कशी? ती खाली पडायचीच न्हाई की."

"पडणार नाही. ढकलावी लागेल. आणि तुम्ही मोळी पुढे ढकललीत की तुम्ही स्वतः मागे जाल."

"म्हंजी मोळी इकडं आन् मी तिकडं?" त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. धनश्री आईकडे बघत होती. आईला असं हसताना तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नसावं, असं ओम परतताना म्हणाला. माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी वस्तुमान आणि वजनातला फरक समजावून सांगण्यात गुंतलो होतो.

मग सगळं निवलं. कानिफनाथने विचारलं, "किती दिस?"

"जाऊन येऊन आठवडा. पण त्याआधी सराव हवा. आणि शाळाही आहे."

"म्हंजी हितनं आत्ताच न्यायची."

"हो."

तो प्लास्टरकडे बघत राहिला. बायडाबाई म्हणाल्या, "धाकट्या जावंचा कोयता बी अर्धाच हाय. तिचा दादला गावाकडं ऱ्हायलाय. मी तिच्यासंग धरते. तुमी बसल्या जागी उसाच्या शेंड्याचं वाढं बांधा. पायाचं हाड मोडलंय, हाताचं न्हाई." मुकादम मधे काही बोलायला आला, तर त्याला म्हणाल्या, "कोयता पुरा हाय ना? मग तुमाला काय?" तो गेला.

धनश्री म्हणाली, "आये, मी न्हाई जात."

"का?"

"तुला लई पडंल."

"मला काय पडंल ते माझं मी बघते. तू ते पानी वर चढवून ये."

एसटीत धनश्री खिडकीशी बसली. मला वाटलं झोपली. नगरला उतरताना तिने विचारलं, "सर, रुंद नळीच्या बी पेक्षा रुंद घेतली तर?"

८ जानेवारी

आणखी रुंद नळी जामखेडमध्ये मिळाली नाही. नगरहून मागवली. खर्च शाळा देणार नाही म्हणाली, मी म्हटलं बघू. आज प्राचार्यांनीच स्वतःच्या पैशांनी आणलेली नळी पिशवीतून काढून दिली; जुन्या रुंद नळीच्या जागी हीच बसवली. हा माणूस वाटला होता तितका पोकळ नाही.

रक्तदाबाचं मशीन दुरुस्तीला दाखवलं. दुकानदार म्हणतो मशीन उत्तम आहे. मग आकडा कमी का येतोय? हिने लोणचं बंद केलं, त्याचाच गुण दिसतो.

१७ जानेवारी

सरावात दोन पिंपं फुटली. गुडघे दुखतात. हे झालं की टाकीकडे बघणारसुद्धा नाही.

उद्या सकाळी सातला परत चढायचंय, उजेड चांगला असतो.

३० जानेवारी, चेन्नई

मनोरा आपल्या टाकीहून कितीतरी उंच. आत स्वच्छ, थंड, माणसं हळू बोलतात. पाच राज्यांतले गट. एका शाळेच्या मुलांचे एकसारखे निळे कोट. ओमने तासाभरात त्या सगळ्यांशी ओळख करून घेतली, कुठल्या भाषेत ते देव जाणे.

धनश्रीची पेटी त्यांच्या कुपीत, म्हणजे मनोऱ्यातून सोडतात त्या बंद नळकांड्यात, बसवताना मनोऱ्याच्या प्रमुख असलेल्या तरुण बाईंनी विचारलं, "तुम्ही घरी हे कसं केलंत?" धनश्रीने इंग्रजी शब्द शोधला, सापडला नाही, मग हातानेच दाखवलं: पिंप, पिंपात डबा, बुडाला दगड, आणि कोयत्याचा घाव. बाई थक्क. म्हणाल्या, आम्हीही कुपीत कुपीच ठेवतो. त्यांनी इतरांना बोलावून पुन्हा दाखवायला लावलं.

आमचा क्रम तिसरा होता. त्याआधी एका गटाचा कॅमेरा चालूच झाला नाही, मुलं रडली. मग आमची पाळी. कुपी वर गेली. मी भिंतीला टेकलो. मनात आलं, जर टाकीवरचं सगळं खोटं निघालं तर? पाचही वेळा पिंपच तिरकं झालं असेल तर? या पोरीला फडातून उचलून आणलं ते कशासाठी?

मोजणी गटातल्यांनीच करायची होती, ती झाली, कुपी सुटली, खाली धप्प आवाज. संपलंसुद्धा.

चित्रण पडद्यावर लावलं. निळं पाणी तिन्ही नळ्यांत निघालं. बारीक नळीत आधी झेपावलं, मग दमल्यासारखं मंदावलं. मध्यम नळीने तिला गाठलं. आणि रुंद नळी, जी जमिनीवर जेमतेम बुडाशी ओली होते, ती सावकाश, न थांबता, दोघींच्या पुढे गेली. काठापर्यंत आली. काठावर पाणी फुगून गोल झालं आणि सांडलं नाही. तिथेच बसून राहिलं.

बाई माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "सर, तुमच्या गटाने हे आधीच सांगितलं होतं."

मी म्हटलं, "गटाने सांगितलं होतं. मी नाही म्हणत होतो."

धनश्री पडद्याजवळ गेली होती. नाक जवळजवळ टेकलेलं. ओम माझा हात धरून दाबत होता, की मी त्याचा, ते कळलं नाही.

३ फेब्रुवारी

परत आलो. सत्कार, नारळ, शाल. सरपंचांनी टाकीखाली फलक लावायचा प्रस्ताव मांडला. मी म्हटलं आधी जिन्याचा कठडा दुरुस्त करा.

दहावीच्या दोन मुली प्रयोगशाळेच्या दारात घुटमळत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "सर, पडताना मध कसा वागंल?" मला माहीत नाही, असं सांगितलं. तसं सांगायला बरं वाटलं.

हिने विचारलं, निवृत्तीनंतर शेतावर राहायला जायचं ठरलं होतं, ते कधी? मी म्हटलं, बघू, मेनंतर. ती म्हणाली, "टाकीची किल्ली सरपंचांना परत करायची विसरलात." खरंच, खिशातच आहे.

२२ मार्च, रविवार

पाडव्यानंतर ऊसतोडीची माणसं परतली. कानिफनाथ काठी टेकत चालतोय. बायडाबाई काल शाळेत येऊन गेल्या होत्या, "ते पानी चढल्यालं बघायचं हाय," म्हणून. आज शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला. तोडीच्या टोळीतली बरीच मंडळी आली. जाऊबाई आल्या. रंगुबाई पुढच्या बाकावर. धनश्री मात्र मागे दाराशी उभी, लाजून.

चित्रण लावलं. मी काठी घेऊन पडद्याशी उभा राहिलो आणि सगळं समजावून सांगितलं. ही बारीक नळी, ही रुंद. लोकांनी नीट ऐकलं. काठावरच्या गोल पाण्याला पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बायडाबाई म्हणाल्या, "सर, परत लावा."

परत लावलं. मी पुन्हा नळ्यांवर काठी ठेवली. त्या म्हणाल्या, "पान्याचं कळलं सर. त्याच्या आदीचं लावा. सुरवातीचं."

सुरुवातीला काही नाही, मी म्हटलं, नुसती मोजणी आहे. चेन्नईतही मी ते कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं, पाण्याकडेच डोळे होते.

"तेच."

आवाज वाढवून लावलं. पडद्यावर अजून पाणी शांत, नळ्या उभ्या. आणि ओळखू न येण्याइतका स्वच्छ, खणखणीत, जराही न अडखळणारा मुलीचा आवाज आला: "फाइव्ह. फोर. थ्री. टू. वन."

कानिफनाथने मान वर केली. "आपली हाय?"

"मग कुनाची?" बायडाबाई म्हणाल्या. पडद्यावरची नजर हलली नाही. "सर, आनि एकदा."

तिसऱ्या वेळी लावलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. चौथ्या वेळी त्या मोठ्याने, लेकीच्या सुरात सूर मिळवून, थोड्या मागे-पुढे, मोजत होत्या. जाऊबाईंनी साथ धरली. मग सगळ्या टोळीनेच मोजायला सुरुवात केली. पाणी चढायचं त्याच्या आधीच मी थांबवायचो आणि परत मागे न्यायचो, कारण पाणी बघायला कुणी आलंच नव्हतं.